पाण्याच्या काठावरून इस्लाम : बीडची खजाना विहीर, वजूचे माप आणि ओठांचा हक्क

इस्लामची शिकवण काय, असा प्रश्न समाजमाध्यमांवर निघाला की उत्तर ठरलेले असते. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. पाच नावे मोजली, प्रत्येकापुढे एक ओळ लिहिली की परिचय संपला. त्यानंतर वाद सुरू होतो आणि तो नेहमी त्याच चार विषयांवर होतो. या यादीत चूक काही नाही. परंतु ती वाचून मराठवाड्यातील एखाद्या गावचा मुसलमान पहाटेपासून रात्रीपर्यंत आपल्या धर्माला नेमका कुठे कुठे भेटतो, हे मुळीच कळत नाही. माझे मत असे की बीड जिल्ह्यात बसून इस्लामी आचारधर्म समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात पाण्यापासून करावी. कारण इथे देवाच्या नावाने जे काही करायचे, ते आधी पाणी आहे की नाही हे पाहूनच करावे लागते.

धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

बीड हे नाव कसे पडले, याच्या अनेक कथा आहेत. बालाघाटाच्या पायथ्याशी बिळासारख्या खोलगट जागी वसले म्हणून बीड, ही एक. विक्रमादित्याची बहीण चंपावती हिच्यावरून हे चंपावतीनगर होते, ही दुसरी. तिसरी कथा अशी की इथे थोडे खणताच पाणी लागते हे पाहून कुणा मुसलमान सत्ताधीशाने गावाला ‘बीर’ म्हटले, कारण अरबीत ‘बिअ्र’ म्हणजे विहीर. व्युत्पत्ती म्हणून मी तिच्यावर भार टाकणार नाही. लोककथा नावापेक्षा नाव ऐकणाऱ्यांविषयी अधिक सांगतात. मात्र आज कोरडवाहू आणि टँकरग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या नावात लोकांनी विहीर ऐकली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता प्रत्यक्ष विहिरीकडे वळू. बीड शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधवली. बांधणारा स्थपती राजा भास्कर. विहीर गोल आहे. तिला भुयारी वाटा तीन : दोन वाटांनी पाणी आत येते आणि तिसऱ्या वाटेने ते बलगुजारच्या शिवाराकडे निघून जाते. कुठेही मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. जमिनीचा उतार ओळखून पाण्याला त्याच्याच वजनाने चालवलेले आहे. ही विद्या दख्खनमध्ये एकट्या बीडची नव्हती. बिदरचे भुयारी जलमार्ग, अहमदनगरची नळयोजना, मलिक अंबरची औरंगाबादची नहर, बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही सारी एकाच कुळातली कामे आहेत. इराणकडून आलेले ‘कनात’चे तंत्र आणि यादवकाळापासून इथे रुजलेली बारवांची परंपरा यांची त्यांत गाठ पडली. शिया राजवटीचा सरदार, भास्कर नावाचा स्थपती आणि पाणी पिणारे शिवार सगळ्यांचे, असा हा हिशेब आहे.

‘खजाना’ हे नाव का? सांगतात ते असे की सरकारी तिजोरीत भरायची रक्कम सलाबतखानाने या विहिरीवर खर्च केली आणि जाब विचारला गेला तेव्हा, खजिना जमिनीत सुरक्षित आहे, असे उत्तर दिले. कथा गोड आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिच्या शेजारी एक कोरडी गोष्टही ठेवली पाहिजे : ओलिताखाली आलेली जमीन अधिक महसूल देते. विहीर बांधणारा सरदार धर्मात्मा असेलही, पण तो जहागीरदारही होता. पुण्य आणि महसूल एकाच पाटाने वाहत होते, असे म्हणणे अधिक खरे.

तरीही पुण्याचा भाग उगाच जोडलेला नाही. इस्लाममध्ये ‘सदका-ए-जारिया’ अशी एक कल्पना आहे. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य त्याच्या खात्यावर जमा होत राहते, असे दान. त्याचे सर्वात जुने आणि सर्वात आवडते उदाहरण विहिरीचे आहे. साद बिन उबादा यांची आई वारली. तिच्या नावाने कोणते दान सर्वोत्तम, असे त्यांनी पैगंबरांना विचारले. उत्तर मिळाले, पाणी. त्यांनी आईच्या नावाने विहीर खणली. मदिनेतील रूमा नावाची विहीर हजरत उस्मान यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही दुसरी प्रसिद्ध हकिकत. तिच्यातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. विहीर विकत घेणाऱ्याने आपला पोहरा इतर लोकांच्या पोहऱ्यांइतकाच समजावा, अशी अट त्या आवाहनातच होती. दात्याला पहिला नंबर नाही, वेगळा काठ नाही. आपल्याकडे पाणपोईवर दात्याच्या नावाची अक्षरे पाण्याच्या नळापेक्षा मोठी असतात, तेव्हा ही अट आठवते.

आणि कुत्र्याची गोष्ट. तहानेने व्याकूळ झालेला एक वाटसरू विहिरीत उतरून पाणी पितो. वर येतो तो एक कुत्रा तहानेपायी ओली माती चाटताना दिसतो. तो पुन्हा उतरतो, पायातला मोजा पाण्याने भरतो, दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. एवढ्यावर ईश्वर त्याला क्षमा करतो. बुखारीच्या संग्रहात ही हदीस आहे. कुत्रा म्हटले की मुसलमानांना वावडे, एवढेच ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ती अवश्य वाचावी.

आता उपासनेकडे येऊ. दिवसाच्या पाच नमाजांपूर्वी वजू हवा : तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, घोट्यापर्यंत पाय. कुरआनच्या पाचव्या सूरेतील सहाव्या आयतीत हा क्रम आहे आणि त्याच आयतीत पाणी न मिळाल्यास काय करायचे, तेही आहे. स्वच्छ मातीवर हात टेकवून तोंडावरून व हातांवरून फिरवायचा, म्हणजे तयम्मुम. शुद्धीचा नियम आणि दुष्काळाचा नियम एकाच श्वासात सांगितलेले आहेत, ही गोष्ट सहज नजरेआड होते. ज्या भूमीत हा धर्म उदयाला आला, तिथे पाण्याचा अभाव ही नित्याचीच स्थिती होती.

पैगंबर वजूसाठी किती पाणी घेत? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांनुसार एक ‘मुद’, आणि आंघोळीसाठी त्याच्या चौपट किंवा थोडे अधिक. वेगवेगळ्या फिकह-परंपरांच्या मापाने एक मुद म्हणजे पाऊण ते एक लिटरच्या आसपास. वाहत्या नदीवर बसला असलात तरी वजूत पाणी उधळू नका, ही हदीस तर पुष्कळांना तोंडपाठ असते. तिच्या सनदीला हदीसशास्त्री कच्ची मानतात, हेही सांगायला हवे. पण मुदाच्या मापाबद्दल तशी शंका नाही आणि आशय दोन्हींचा एकच आहे.

जुन्या घरांत आणि मशिदींत बधना असे. तोटीचा तो लोटा म्हणजे खरे तर एक माप होता. एकदा भरला की तेवढ्यात वजू आटोपायचा. मोठ्या मशिदींत अंगणात हौद असे. हनफी फिकहमध्ये दहा हात लांब आणि दहा हात रुंद पाण्याला ‘दह दर दह’ म्हणतात. एवढा साठा मोठे पाणी मानला जातो आणि थोडी अशुद्धी पडल्याने तो बाटत नाही. दख्खनमधील बहुसंख्य सुन्नी हनफी असल्याने इथल्या हौदांचे आकार या नियमाच्या सावलीत ठरले. मशिदीचे वास्तुशास्त्र पाहताना आपण मिनार पाहतो, मेहराब पाहतो. हौदाच्या लांबी-रुंदीतही धर्मशास्त्र लिहिलेले असते. मग नळ आले. नळाला माप नाही. चेहऱ्यावर हात फिरत असताना, पाय चोळले जात असताना तोटी वाहतच राहते. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, तिथल्या मशिदीत हे घडते तेव्हा ती निव्वळ नागरी बेफिकिरी उरत नाही. तो सुन्नतचाच भंग आहे, असे मी म्हणेन.

तयम्मुमची सवलत कधी लागू होते, याचे हनफी तपशील तर बीडसाठीच लिहिले असावेत असे वाटतात. पाणी एक मैलावर, म्हणजे आजच्या मापाने सुमारे पावणेदोन किलोमीटरवर असेल, तर मातीने शुद्धी चालते. जवळ पाणी आहे, पण ते वापरले तर स्वतः, सोबती किंवा जनावर तहानलेले राहील अशी भीती आहे, तरीही चालते. म्हणजे नमाज आणि बैलाची तहान समोरासमोर आली, तर पाणी बैलाला आणि नमाजीला माती. मराठवाड्यात पावणेदोन किलोमीटरवरून डोक्यावर हंडा आणणे ही उन्हाळ्यातली अपूर्वाई नव्हे, आणि तो हंडा बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर असतो. जे अंतर शास्त्रकारांना नमाजीसाठी जाचक वाटले, ते ती दिवसातून किती वेळा चालते, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो आपण विचारावा.

इथवर उपासना झाली. पण शास्त्राचा खरा कस मालकीच्या प्रश्नावर लागतो.

लोक तीन गोष्टींत भागीदार आहेत : पाणी, चराई आणि अग्नी. या हदीसवर फिकहची एक मोठी इमारत उभी आहे. आठव्या शतकात खलिफा हारून रशीदसाठी काझी अबू यूसुफ यांनी लिहिलेल्या ‘किताबुल खराज’मध्ये पाण्याचे प्रश्न आहेत आणि सतराव्या शतकात औरंगजेबाच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’मध्ये पाण्याच्या हक्कांवर स्वतंत्र प्रकरण आहे. थोडक्यात सांगायचे तर पाणी तीन प्रकारचे. नदीचे पाणी सर्वांचे. भांड्यात भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याचे. मधले आहे ते विहिरीचे. विहीर खणणाऱ्याचा तिच्यावर अग्रहक्क आहे, पण पिण्यापुरते पाणी तो माणसाला किंवा जनावराला नाकारू शकत नाही. या हक्काला ‘हक्क-ए-शफा’ म्हणतात. शफा म्हणजे ओठ. ओठांचा हक्क. तहानेने जीव जाण्याची वेळ आली आणि विहीरमालक अडवू लागला, तर त्याच्याशी शस्त्र घेऊन झगडणेही हनफी ग्रंथ मान्य करतात. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या शेजारच्या लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आठवले की हा नियम पुस्तकी वाटत नाही.

‘हरीम’ ही त्यातली आणखी एक कल्पना. विहिरीभोवती तिचे संरक्षित क्षेत्र असते आणि त्याच्या आत दुसऱ्याने विहीर खणायची नाही. जनावरांच्या पाण्याच्या विहिरीला चाळीस हात, ओलिताच्या विहिरीला अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद यांच्या मते साठ हात, झऱ्याला पाचशे हात. कारण उघड आहे, शेजारच्या खणण्याने पहिलीचे पाणी ओढले जाते. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खणण्यास मनाई केली. दोहोंत नाते जोडण्याचा माझा हेतू नाही. खडकाखालचे पाणी एकमेकांना जोडलेले असते, हे कळलेल्या कोणत्याही समाजाला असा काही नियम करावाच लागतो. आज बीडच्या शिवारात बोअरची गाडी रात्रभर घरघरत असते आणि शेजाऱ्याच्या बोअरपेक्षा आपले शंभर फूट खोल जावे, एवढीच मर्यादा उरली आहे. तुमचे पाणी जमिनीत खोल गेले तर वाहते पाणी तुम्हांला कोण आणून देईल, असा प्रश्न कुरआनच्या सदुसष्टाव्या सूरेच्या अखेरीस विचारलेला आहे. बोअर मारून देणाऱ्या दलालाकडे त्याचे उत्तर तयार असते : अजून दोनशे फूट.

वरच्या आणि खालच्या शेताचा वादही पैगंबरांपुढे आला होता. मदिनेजवळच्या एका ओढ्याच्या पाण्यावरून जुबैर आणि एक अन्सारी यांचे भांडण झाले. जुबैर यांचे शेत वर. आधी गरजेपुरते घेऊन पाणी शेजाऱ्याकडे सोड, असा तडजोडीचा निर्णय मिळाला. तुमचा आतेभाऊ म्हणून हा निवाडा, असा आरोप अन्सारीने केला, तेव्हा जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क सांगण्यात आला : बांधापर्यंत भरू दे, मग सोड. दुसऱ्या एका ओढ्याबाबत घोट्याइतके पाणी साचेपर्यंत अडवावे आणि मग खालच्याला सोडावे, असा निर्णय आहे. वरच्याचा पहिला हक्क इथे मान्य आहे. त्याला मर्यादा आहे, एवढेच. जायकवाडीचा उजवा कालवा माजलगावपर्यंत येतो. धरणाच्या वरच्या अंगाला नाशिक आणि नगर आहेत. समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने कागदावर आणले. घोट्याइतके म्हणजे नेमके किती, यावरचे भांडण दर दुष्काळात नव्याने होते.

आता ज्या प्रसंगासाठी हा धागा लिहायला घेतला, त्याकडे येतो. हनफी फिकहमध्ये ‘सूर’ म्हणजे उष्टे पाणी, हा एक विषय आहे. कुठल्या प्राण्याने तोंड लावलेले पाणी शुद्ध, कुठले अशुद्ध, याची चर्चा त्यात येते. माणसाबद्दल नियम स्पष्ट आहे : माणसाचे उष्टे शुद्ध. तो मुसलमान असो वा नसो, कोणत्याही कुळाचा असो. ज्या देशात एका माणसाच्या स्पर्शाने तळे बाटत होते, तिथे या एका वाक्याचे वजन किती असायला हवे होते!

प्रत्यक्षात काय घडले? १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. निजामाचे राज्य, रमजानचा महिना. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दरवाज्याजवळच्या लहानशा हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. हाच का तुमचा धर्म, आणि अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमावाकडे उत्तर नव्हते. किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग टाळून इस्लाममधील समतेवर मराठवाड्यात बोलणे मला अप्रामाणिक वाटते. तो सांगून, बघा हे सगळे सारखेच, म्हणणेही तितकेच सोपे. मुद्दा वेगळा आहे. त्या जमावातील लोक रोजेदार असतील, वजू करून आले असतील. धुण्याचा विधी त्यांना येत होता. पाणी कशाने बाटत नाही, हा त्याच शास्त्राचा नियम मात्र जातीच्या सवयीपुढे विरघळला होता. शिकवण ग्रंथात असते म्हणून समाजात असतेच असे नाही, आणि समाजात नाही म्हणून ग्रंथात नव्हतीच असेही नाही. इतिहासाचे काम या दोहोंमधले अंतर मोजण्याचे आहे.

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला, पाण्याचे धोरण धर्मग्रंथांवर चालवायचे का? मुळीच नाही. ते कायद्याने आणि भूजलशास्त्राने चालावे. पण लोक पाणी वापरतात ते अधिनियमाची कलमे आठवून नव्हे, घरात आणि मोहल्ल्यात शिकलेल्या सवयींनी. त्या सवयींचा साठा कुठे आहे, हे माहीत असावे. दुसरा, हिंदू परंपरेत हे नाही का? आहेच. बीडमध्येच कंकालेश्वराचे मंदिर पाण्यात उभे आहे आणि बारवांविषयी कुणीतरी असाच धागा लिहावा, मी आनंदाने वाचेन.

पाऊस लांबला की गावात धोंडी मागत पोरे फिरतात आणि ईदगाहवर पावसाची नमाज होते, सलातुल इस्तिस्का. जुने कपडे घालून, नम्रपणे, जनावरांनाही सोबत घेऊन उघड्या मैदानात जायचे, असा संकेत आहे. चादर उलटी पांघरण्याची सुन्नत आहे, जणू परिस्थितीही अशीच पालटो. या नमाजेआधी काय करावे, हेही शास्त्रकार सांगतात : तौबा करावी, दान करावे आणि दुसऱ्याचा दाबून ठेवलेला हक्क परत करावा. छायाचित्रात चादर दिसते. हक्क परत केल्याचे छायाचित्र निघत नाही.

मशीद-समित्यांनी येत्या रमजानपूर्वी तीन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. नळांना आपोआप बंद होणाऱ्या तोट्या बसवाव्यात किंवा बधने परत आणावेत. वजूचे वापरलेले पाणी हनफी मतानुसार स्वतः शुद्ध असते, फक्त त्याने पुन्हा वजू होत नाही. तेव्हा ते गटारात न सोडता अंगणातल्या लिंबाला किंवा शोषखड्ड्यात जावे, यात शास्त्राची काहीच आडकाठी नाही. आणि जिथे मशिदीचे बोअर आहे, तिथे उन्हाळ्यात त्याची एक तोटी रस्त्याच्या बाजूला काढावी, कुणाचाही हंडा भरेल अशी, नाव न विचारता.